चाचणीच्या वहीबाहेरची माणसे

अमेरिकेच्या भांडवल-बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या रोखे व विनिमय आयोगाने जुलै २०१६ मध्ये सिटीग्रुप या बलाढ्य वित्तसंस्थेच्या दलाली कंपनीला सत्तर लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्या संस्थेच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम किरकोळच होती. परंतु ज्या कारणासाठी हा दंड झाला, ते कारण संगणकावर विसंबून चालणाऱ्या कारभाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे असे आहे.

बाजारातील संशयास्पद व्यवहारांची चौकशी करताना हा आयोग दलाली संस्थांकडून व्यवहारांचे तपशील मागवीत असतो. असे तपशील काढून देणारी संगणक-प्रणाली या कंपनीने १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास वापरात आणली. अंतर्गत चाचणीसाठी ०८९ ते १०० हे शाखा-क्रमांक राखून ठेवलेले होते. चाचणीच्या लटक्या नोंदी आयोगाकडे जाऊ नयेत म्हणून या क्रमांकांच्या नोंदी वगळाव्यात अशी आज्ञा प्रणालीत घालण्यात आली. त्यात गैर असे काहीच नव्हते. पुढे १९९८ मध्ये कंपनीने खऱ्या शाखांना अंक आणि अक्षर मिळून होणारे ‘१० बी’ यांसारखे नवे सांकेतांक देण्यास प्रारंभ केला. यंत्राने हे नवे सांकेतांकही चाचणीच्याच शाखांचे मानले, आणि त्या शाखांतील खऱ्या ग्राहकांचे खरे व्यवहार निमूटपणे बाजूला टाकले. मे १९९९ पासून एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, हे असेच चालले. आयोगाच्या २,३०० हून अधिक मागण्यांना दिलेल्या उत्तरांतून २६,८१० व्यवहार गळाले. या दीर्घ काळात यंत्र एकदाही बंद पडले नाही, त्याने चुकीची घंटाही वाजविली नाही. जे वगळले गेले होते ते वगळले गेले आहे, हे दाखविणारी एकही चाचणी कोणी रचली नव्हती.

खोट्या नोंदी आणि खरी माणसे यांच्यामधली भिंत किती पातळ असते, याचा हा बोलका पुरावा होय. दंड अमेरिकेत झाला म्हणून त्यातील धडा परका ठरत नाही. आपला पगार, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, सातबारा, महाविद्यालयीन प्रवेश आणि परीक्षेचा निकाल हे सारे आज कोठल्या ना कोठल्या डेटाबेसमधून निघते. प्रत्येक नव्या प्रणालीच्या उद्घाटनप्रसंगी ‘सर्व चाचण्या पूर्ण झाल्या आहेत’ असे आश्वासन दिले जाते. ते बहुधा खरेही असते. मात्र या चाचण्या कोणाच्या नोंदींवर घेतल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

कारखान्यातून आलेला शब्द

सॉफ्टवेअरची चाचणी आता बहुतांशी माणूस घेत नाही. ती दुसरा एक प्रोग्रामच घेतो. प्रणालीत लहानसा बदल झाला तरी शेकडो, प्रसंगी हजारो चाचण्या आपोआप चालतात आणि काही मिनिटांत उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल हाती येतो. या चाचण्यांसाठी डेटाबेसमध्ये आधी काही ठरावीक नोंदी मांडून ठेवाव्या लागतात. या मांडणीला ‘फिक्स्चर’ म्हणतात. हा शब्द यंत्रशाळेतला आहे. छिद्र पाडावयाचा किंवा तासावयाचा तुकडा प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी, त्याच स्थितीत घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाला कारखान्यात फिक्स्चर म्हणतात, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. तुकडा हलला तर छिद्र चुकले ते कारागिराच्या हाताने की तुकड्याच्या हलण्याने, हे सांगता येत नाही. केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने १९९४ मध्ये स्मॉलटॉक या संगणकभाषेसाठी चाचणीची जी पद्धत मांडली, तीत हीच कल्पना सॉफ्टवेअरला लागू केली होती. १९९७ मध्ये त्यांनी व एरिक गामा यांनी जावा या भाषेसाठी ‘जे-युनिट’ हे साधन रचले, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक संगणकभाषेने त्याचे अनुकरण केले.

कल्पना सोपी आहे. पगारदार नोकरांच्या एखाद्या सहकारी पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. कर्जावरील व्याज आकारणारा प्रोग्राम तपासावयाचा आहे. त्यासाठी डेटाबेसमध्ये एक काल्पनिक सभासद निर्माण करावयाचा. त्याच्या नावे दरसाल १२ टक्के सरळव्याजाने ५०,००० रुपयांचे कर्ज दाखवावयाचे. मग प्रोग्रामला एका महिन्याचे व्याज काढण्यास सांगावयाचे. उत्तर ५०० रुपये आले तर चाचणी उत्तीर्ण. येथे दोन पथ्ये आहेत. पहिले असे की, ५०० हा आकडा प्रोग्रामकडूनच घेतलेला नसावा. तो नियम वाचून, हाताने हिशेब करून आधीच लिहून ठेवलेला असावा. परीक्षार्थ्याचीच उत्तरपत्रिका आदर्श उत्तर म्हणून वापरली तर सर्वांनाच पैकीच्या पैकी गुण मिळतील. दुसरे असे की, चाचणी संपताच डेटाबेस पूर्वस्थितीला यावा. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आधीच्या तुकडीने ब्युरेट न धुता ठेवली तर पुढच्या विद्यार्थ्याचे निरीक्षण चुकते आणि दोष मात्र त्याच्या हाताला दिला जातो. तसेच येथे होते. एका चाचणीने मागे ठेवलेला सभासद दुसऱ्या चाचणीच्या बेरजेत शिरतो. चाचण्यांचा क्रम बदलला की निकाल बदलतात. आज उत्तीर्ण झालेली चाचणी उद्या विनाकारण अनुत्तीर्ण होते. असे दोन-चारदा घडले की चाचणीच्या लाल दिव्याकडे लक्ष देण्याचेच माणसे सोडून देतात. म्हणून चांगल्या डेटाबेसची एक सोय येथे उपयोगी पाडतात. खतावणीत नोंदी पेन्सिलीने लिहाव्यात, बेरीज पाहावी आणि शाई फिरविण्याआधी सर्व खोडून टाकाव्यात, तद्वत व्यवहार कायम करण्यापूर्वीच तो मागे घेतला जातो. पुढची चाचणी कोऱ्या पानावर सुरू होते.

येथवर हा प्रश्न तांत्रिक आहे, आणि त्याची तांत्रिक उत्तरे उपलब्ध आहेत. खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. मांडून ठेवावयाच्या नोंदी कोणत्या, हे कोणत्याही साधनाला ठरविता येत नाही. ते माणसाला ठरवावे लागते; आणि माणूस आपल्या ओळखीचे तेच निवडतो.

नवे वाहन, जुनी वाट

या निवडीची किंमत किती असू शकते, हे ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानातल्या कुरू तळावर दिसून आले. युरोपीय अवकाश संस्थेचे एरियान-५ हे नवे प्रक्षेपक वाहन पहिल्याच उड्डाणात, मुख्य इंजिन पेटविण्याच्या प्रक्रियेनंतर सुमारे ३७ सेकंदांनी वाट सोडून फुटले, आणि त्यासोबत क्लस्टर मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये दिलेल्या अहवालात कारण स्पष्ट केले. वाहनाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियान-४ वरून आणले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या मोठ्या, म्हणजे ६४ बिटांच्या घरातून लहान, म्हणजे १६ बिटांच्या घरात बसवली जात असे. एरियान-४ च्या वाटेवर ही संख्या त्या घरात सुखाने मावत होती. एरियान-५ ची वाट निराळी होती. त्याचा आडवा वेग फार लवकर वाढत होता. संख्या घरात मावेना. मुख्य यंत्रणा आणि तिची राखीव जोडीदार या दोन्हींत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही एकाच दोषाने बंद पडल्या. ज्या गणनेपायी हे घडले, तिचा उड्डाणानंतर एरियान-५ ला काही उपयोगही नव्हता.

या अहवालातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग चाचणीविषयीचा आहे. दिशादर्शक यंत्रणेची चाचणी झाली नव्हती असे नाही. मात्र त्या चाचणीत एरियान-५ च्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाची आकडेवारी तिला पुरविलीच गेली नव्हती. अपघातानंतर चौकशीच्या काळात ती आकडेवारी घेऊन अनुकरण केले, तेव्हा संपूर्ण अपघात जसाच्या तसा पुन्हा घडून आला. म्हणजे जो दोष जमिनीवर, सुरक्षित खोलीत सापडू शकला असता, तो आकाशात सापडला. सॉफ्टवेअरने जुन्या वाटेवर विश्वासाने काम केले होते, म्हणून नव्या वाटेवरही ते करील असे गृहीत धरले गेले. परीक्षा होती, परीक्षार्थीही होता. प्रश्नपत्रिका मात्र मागच्या इयत्तेची निघाली.

खऱ्या माणसांची नक्कल

यावर एक सरळ उपाय अनेकांना सुचतो. कल्पित नोंदी अपुऱ्या पडतात ना, मग खऱ्या डेटाबेसचीच प्रत करून तीवर चाचण्या घ्याव्यात. वास्तवातले सारे बारकावे तीत आपोआप येतील. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि अनेक कार्यालयांत व कंपन्यांत वर्षानुवर्षे हीच वाट चोखाळली गेली आहे. परंतु तिच्यातील धोका लहान नाही. खऱ्या प्रणालीला कुलपे असतात, पहारा असतो, कोणी काय पाहिले याची नोंद असते. चाचणीची जागा ही स्वभावतःच मोकळी असते; तेथे शिकाऊ मुलगा असतो, कंत्राटदाराचा माणूस असतो, तात्पुरता परवलीचा शब्द असतो. तिजोरीतील ऐवज मोजदाद सोपी व्हावी म्हणून ओसरीवर आणून मांडावा, तसा हा प्रकार होय.

नॉर्वेतील क्रीडा महासंघाच्या बाबतीत हेच घडले. नव्या संगणकीय व्यवस्थेची चाचणी घेताना सुमारे ३२ लाख लोकांची वैयक्तिक माहिती ८७ दिवस इंटरनेटवर उघडी राहिली. त्यांत लहान मुलांची संख्याही मोठी होती. ज्या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आहे, तेथे ही निम्म्याहून अधिक प्रजा झाली. नॉर्वेच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये महासंघास साडेबारा लाख क्रोनरचा दंड केला, आणि त्या निर्णयात नेमका हाच मुद्दा मांडला की, ही चाचणी कृत्रिम नोंदींवर किंवा फार थोड्या खऱ्या नोंदींवर घेता आली असती.

नावे खोडून नोंदी वापरल्या तर? तेही पुरेसे ठरत नाही. लाटान्या स्वीनी या अमेरिकन संशोधक विदुषींनी २००० साली दाखवून दिले की केवळ टपाल-विभाग, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख पटू शकते. नाव गेले तरी माणूस राहतोच. भारतातही आता हा केवळ नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची, अशी टप्प्याटप्प्याची योजना आहे. ज्या हेतूसाठी संमती घेतली त्याच हेतूसाठी, आणि त्याला लागेल तेवढीच माहिती वापरावी, हे या कायद्याचे मूलसूत्र आहे. शासकीय लाभांच्या बाबतीत संमतीविषयी काही निराळ्या तरतुदी असल्या तरी माहिती सांभाळण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यार्थ्याने प्रवेशासाठी दिलेली माहिती कंत्राटदाराच्या चाचणीसाठी दिलेली नसते, हे यापुढे प्रत्येक संस्थेला ध्यानात ठेवावे लागेल.

तेव्हा खऱ्याची नक्कल करावयाची नाही आणि कल्पित तर अपुरे पडते, अशी ही कोंडी आहे. ती फोडण्याचा मार्ग एकच: कल्पित नोंदी वास्तवाच्या पूर्ण जाणकारीने रचणे. हे काम दिसते त्याहून अवघड आहे आणि ते कोणी करावे याचे उत्तर आज चुकीचे दिले जात आहे.

एक जूनची मुले

सामान्यतः चाचणीच्या नोंदी प्रोग्रामर तयार करतो. त्याला मुदत गाठावयाची असते. तो जो सभासद कल्पितो त्याला नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीनही भाग असतात. त्याची जन्मतारीख वर्षाच्या मधली कुठलीतरी असते. त्याचा पत्ता एका ओळीत मावतो. त्याचे बोटाचे ठसे उमटतात. त्याचा मोबाइल त्याच्याच नावावर असतो. असा नीटनेटका नागरिक प्रत्येक चाचणीत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होतो. महाराष्ट्रातील माणसे मात्र अशी एकसारखी नाहीत.

एक जून ही तारीखच पाहा. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जून लिहून द्यावी, हा प्रघात खेडोपाडी पिढ्यानुपिढ्या चालला. परिणामी राज्यातील असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. नाव आणि जन्मतारीख जुळली की दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या समजाव्यात, असा नियम एखाद्या प्रोग्रामरने घातला तर तो त्याच्या वहीतल्या दहा कल्पित नागरिकांवर निर्दोष चालेल. प्रत्यक्षात मात्र एकाच तालुक्यातले, एकाच नावाचे, एकाच तारखेचे दोन शेतकरी एक होऊन जातील आणि त्यांतल्या एकाचे अनुदान थांबेल. निवृत्तिवेतनाचे गणित असेच आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा सेवानियम प्रत्येक आस्थापना-लिपिकाला पाठ असतो. म्हणूनच ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोपसमारंभांची दाटी होते. ज्या चाचणीत १ तारखेस जन्मलेला कर्मचारी नाही, त्या चाचणीचे प्रशस्तिपत्र महाराष्ट्रात कवडीमोलाचे समजावे.

नावाचे आणखी एक उदाहरण ताजे आहे. १ मे २०१४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा हा क्रम आहे. निर्णय स्वागतार्हच होता. पण प्रणालींच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की तीन भागांची नावे आणि चार भागांची नावे यापुढे शेजारी शेजारी नांदणार. एकाच घरात मोठी बहीण तीन नावांची आणि धाकटा भाऊ चार नावांचा असणार. आणि ज्याच्या आईवडिलांची नावे ज्ञातच नाहीत असे अनाथ मूलही याच डेटाबेसमध्ये आपली जागा मागणार. सिटीग्रुपच्या शाखा-क्रमांकांचे रूप बदलले तेव्हा जुन्या चाचण्या गप्प राहिल्या. नावाचे रूप बदलले तेव्हा आपल्या किती प्रणालींच्या चाचणी-नोंदी बदलल्या, हे विचारण्याचा अधिकार पालकांना आणि शिक्षकांना आहे.

मराठी लिपीचा प्रश्न तर याहून सूक्ष्म आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतव्यवस्थेत स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. तोपर्यंत ते ‘अ’ आणि अर्धचंद्र जोडून लिहिले जाई, आणि आजही अनेक कळफलकांवरून तसेच लिहिले जाते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील रफार-सदृश आडवा ‘र’ दोन निरनिराळ्या संकेतांनी उमटविता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती दोन आडनावे वाटतात. तहसील कार्यालयात एका पद्धतीने आणि बँकेत दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या कुऱ्हाड्यांना ‘नाव जुळत नाही’ असे उत्तर मिळते, आणि दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालताना आपली चूक कोणती हे त्यांना कोणीच सांगू शकत नाही. कारण समोर बसलेल्या लिपिकालाही ती दिसत नसते. चाचणीच्या नोंदींत असे एक आडनाव दोन्ही संकेतांनी लिहून ठेवले असते, तर हा दोष पहिल्याच दिवशी प्रोग्रामरच्या पडद्यावर आला असता.

नमुन्याचा प्रश्न केवळ प्रकाराचा नसतो, तो प्रमाणाचाही असतो. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचे ठरविले तेव्हा सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात या नव्या वाटेने न्यावयाच्या होत्या. निकालाची ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने लांबले, काही उत्तरपत्रिका न सापडल्याने विद्यार्थ्यांना सरासरी गुण द्यावे लागले, आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या गोंधळाची कारणे अनेक होती आणि ती सर्वच तांत्रिक नव्हती. तथापि, पूर्ण आकारमानाची रंगीत तालीम न करता पडदा वर केला की काय होते, याचा अनुभव त्या वर्षीच्या पदवीधरांनी पदरमोड करून घेतला, हे मान्यच करावे लागेल.

लिपिकाला विचारा

यावर असे म्हटले जाईल की सर्वच अपवाद आधी कल्पिणे अशक्य आहे, आणि चाचण्यांवर इतका खर्च व वेळ दवडला तर कामे पुढे सरकणारच नाहीत. आक्षेप खोटा नाही. चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते, दोष मुळीच नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वीच बजावून ठेवले आहे. शिवाय नोंदींचा डोंगर रचला तर तोही एक दिवस अडगळ होतो. कोणती नोंद कशासाठी मांडली हे कोणालाच आठवेनासे होते आणि एकीला हात लावताच दहा चाचण्या कोसळतात. म्हणून चांगले चाचणीकार मोजक्याच नोंदी मांडतात आणि प्रत्येक नोंद जेथे लागते तेथेच, कारणासह लिहितात. परंतु मोजक्या नोंदी निवडणे म्हणजे सोप्या नोंदी निवडणे नव्हे. जो परीक्षक पाचच प्रश्न काढणार आहे, त्याने ते अधिक विचाराने काढले पाहिजेत.

आणि येथेच निवडीचे काम योग्य हाती सोपविण्याचा मुद्दा येतो. अपवाद कोणाला ठाऊक असतात? पतसंस्थेत महिन्याच्या मध्यावर निवृत्त झालेला कर्जदार, स्वतःच थकबाकीदार असलेला जामीनदार, २९ फेब्रुवारीला नेमणूक झालेला शिक्षक, मुद्दल फिटून एक रुपया व्याज उरलेले खाते, मृत सभासदाचा अज्ञान वारस, लग्नानंतर आडनाव बदललेली परिचारिका आणि न बदललेली तिची सहकारीण हे सारे एकाच माणसाच्या स्मरणात असतात. तो म्हणजे वीस वर्षे त्या टेबलावर बसलेला लिपिक. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. संगणकीकरणाच्या बैठकींना मात्र अधिकारी असतात, कंत्राटदार असतो, सल्लागार असतो; लिपिकाला प्रशिक्षणाच्या दिवशी, म्हणजे सर्व ठरून गेल्यावर, बोलावले जाते. नंतर यंत्र अडले की खिडकीवर लोकांचे बोल ऐकून घेण्याची जबाबदारी तेवढी त्याच्याकडे येते.

हे उलटे केले पाहिजे. कोणत्याही सार्वजनिक प्रणालीच्या कंत्राटात चाचणी-नोंदींचा संच ही स्वतंत्र, मोजून घ्यावयाची वस्तू असावी. तो संच कंत्राटदाराने लिहावा, पण त्यातील प्रसंग कार्यालयाच्या अनुभवी कर्मचाऱ्यांनी सांगावेत आणि अपेक्षित उत्तरे नियमपुस्तकावरून त्यांनीच ठरवावीत. त्यात एकाही खऱ्या व्यक्तीची माहिती नसावी; आणि नेमके म्हणूनच तो जाहीर करण्यास कोणाची हरकत असू नये. खऱ्या नोंदींची प्रत लपवावी लागते. कल्पित नोंदींचा संच ग्रंथालयात ठेवता येतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा, शिक्षकांनी त्यात भर सुचवावी, एखाद्या तलाठ्याने ‘यात सामाईक खातेदार कोठे आहे?’ असे विचारावे. प्रत्यक्षात एखादा नागरिक अडला की त्याच्यासारखी एक कल्पित नोंद त्या संचात कायमची दाखल व्हावी, म्हणजे तोच दोष दुसऱ्याच्या वाट्याला पुन्हा येणार नाही. आणि नियम बदलला की प्रणालीच्याही आधी हा संच बदलावा. याला मोठे तंत्रज्ञान लागत नाही. कार्यालयाची थोडी नम्रता मात्र लागते.

संगणकाने कारभार निःपक्षपाती होईल अशी आशा एके काळी बाळगली गेली, आणि काही अंशी ती फळालाही आली. पण यंत्राचा निःपक्षपातीपणा त्याला दाखविलेल्या माणसांपुरताच असतो. जे त्याला कधी दाखविलेच नाहीत, त्यांच्याशी ते वैर धरीत नाही. ते त्यांना ओळखतच नाही. सिटीग्रुपचे २६,८१० व्यवहार कागदावरचे होते, दंड भरून तो हिशेब मिटला. शिधावाटपाच्या रांगेतून परत पाठविलेल्या म्हातारीचा हिशेब असा दंडाने मिटत नाही. तेव्हा ‘चाचण्या पूर्ण झाल्या’ असे पुढच्या वेळी जाहीर होईल तेव्हा, त्या चाचण्यांत एक जूनला जन्मलेला, कुऱ्हाडे आडनावाचा, बोटांचे ठसे झिजलेला माणूस होता काय, एवढेच विचारावे. तो त्या वहीत असेल, तरच तो पुढे नागरिकांच्या यादीत सुखाने राहील.